पेनड्राइव्हमधली गुणगुण

माझ्या वहिनीला गाता येत नव्हतं. हे ती स्वतःच सांगायची. लग्नाघरी बायका गाणी म्हणायला बसल्या की ती मागे सरकून पानसुपारीचं ताट लावत बसायची. पण हात कामात गुंतले की मिटल्या ओठांतून तिच्या नकळत एक सूर सुरू व्हायचा. त्याला शब्द नव्हते. तो कुठल्या गाण्यातला, हे तिलाही सांगता यायचं नाही. हळूहळू वर चढायचा, तिथे जरासा रेंगाळायचा आणि खाली यायचा. भाकरी थापताना, तुरीच्या शेंगा सोलताना, उन्हाळ्यात धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, ज्वारीचे बिबडे वाळत घालताना, कायम तोच.

आमचं गाव तापीच्या काठाला, प्रकाशा या तीर्थाच्या थोडं अलीकडे. दादा शेती बघतो, पपई आणि केळी. मी शहाद्याला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवतो आणि मोटरसायकलने जाऊन येऊन करतो. नाशिकला कॉलेजात असताना हॉस्टेलमधल्या एका मुलाने मला पहिल्यांदा लो-फाय हिपहॉप ऐकवलं होतं. संथ ठेका, मागे जुन्या रेकॉर्डसारखी खरखर, पियानोचा एखादा तुकडा फिरून फिरून येणारा. गाणारं कुणी नाही. तो म्हणाला, "हे ऐकत अभ्यास करायचा." माझा अभ्यास काही झाला नाही. मला त्यात आमच्या गावची मे महिन्यातली दुपार ऐकू आली. सगळे जेवून आडवे झालेले, पंखा फिरतोय की थांबलाय कळत नाही, आणि कुणीतरी एकटंच जागं राहून काहीतरी निवडत बसलंय.

नोकरी काही मिळाली नाही. परत आलो आणि धाब्यावरच्या खोलीत जुन्या लॅपटॉपवर मी स्वतःच तसल्या चाली बनवायला लागलो. इंटरनेटवरून ढोलाचे तयार आवाज घ्यायचो. ते इतके काटेकोर असायचे की ऐकताना कवायत आठवायची.

एक दिवस दुपारी खालून वहिनीच्या खलबत्त्याचा आवाज येत होता. ती ठेचा कुटत होती. ठक, ठक, ठक, आणि मग चौथा ठोका थोडा उशिरा. कडेला चढलेली मिरची ती बोटाने आत ढकलायची, त्यात तेवढा वेळ जायचा. मी ज्या ठेक्याच्या मागे इतके महिने होतो तो आमच्याच स्वयंपाकघरात रोज वाजत होता. मी फोन घेऊन खाली धावलो आणि तिच्याजवळ उकिडवा बसलो.

"काय करी ऱ्हायना भाऊ?" तिने विचारलं. ती मला भाऊच म्हणायची.

"तुन्हा ठेका पकडी ऱ्हायनू."

"मिरची डोयामा जाई, मग पकडजो ठेका."

ती हसली आणि परत कुटायला लागली. थोड्या वेळाने फोनचा तिला विसर पडला आणि गुणगुण सुरू झाली. मी हललो नाही.

ती पहिली चाल मी आठवडाभर घोळवली. खलबत्त्याचा ठेका, त्याच्याखाली एक जाड, मऊ खर्ज, आणि वर तिची गुणगुण, जराशी संथ केलेली, जणू शेजारच्या खोलीतून येतेय. मी तिला हेडफोन लावून ऐकवली. तिने ती शेवटपर्यंत ऐकली. मग हेडफोन काढून हातात धरून म्हणाली, "मी अशी करस?"

"रोज करस."

"माले ठाऊकच नही."

मी म्हटलं, हे लोकांना ऐकवू का? तिने आधी तोंडावर पदर धरला. मग विचार करून अटी घातल्या. "नाव टाकू नको. फोटू टाकू नको. आनि त्या मोठ्ठा अ‍ॅपवर नको. तठे गानं चालू ऱ्हास नि मझारमा साबनवाला बोंबलस. मन्हामा साबन नको."

"आणि दादाला सांगायचं?"

"त्यासले मी सांगसू. तू नको सांगू. येळ देखीसन सांगसू."

तिने तसं का म्हटलं ते मला समजत होतं. आबा, म्हणजे माझे वडील, जुन्या वळणाचे. घरच्या सुनेचा आवाज चार लोकांच्या फोनवर, हे त्यांना रुचलं नसतं, आणि दादा आबांपुढे कधी बोलला नाही. तिला दादाला आधी स्वतःच्या बाजूला करून घ्यायचं होतं. तिची कामं अशीच व्हायची. घाई नाही, भांडण नाही. घरात गॅस आला, पोरीला शहाद्याच्या शाळेत घातलं, सगळं तिने असंच वेळ बघून करून घेतलं होतं.

शहाद्याच्या एसटी स्टँडजवळ माझ्या मित्राचं मोबाइलचं दुकान आहे. त्याचे आजोबा राजस्थानातून आले, कापडाचं दुकान टाकलं. नातवाने अर्ध्या गाळ्यात मोबाइल आणले. ग्राहकांशी तो अहिराणीत बोलतो आणि माझ्याशी हिंदी-मराठीत. ट्रॅक्टरवाले, टेम्पोवाले, रिक्षावाले त्याच्याकडे पेनड्राइव्ह भरून घ्यायला येतात. सातपुड्यातल्या पाड्यांवर रेंज कुठे असते, कुठे नसते, त्यामुळे तिकडचे लोक अजून मेमरी कार्डात गाणी भरून नेतात. मी त्याला चार-पाच चाली दिल्या, त्यात ही एक. म्हटलं, लग्नाची गाणी भरून झाल्यावर जागा उरली तर हे टाकत जा.

"इसमें तो कोई गाता ही नहीं," तो म्हणाला.

"म्हणूनच टाक."

त्याने टाकलं. महिनाभराने तो म्हणाला, "भाई, वो बाईवाला और है क्या? लोक मागताहेत."

मग ते पसरत गेलं. मी स्वतःचं एक साधं पान इंटरनेटवर काढलं होतं. तिथून कुणीही चाल उतरवून घ्यावी, वाटावी, माझी ना नव्हती. त्या पानावरून आमच्यासारखेच आणखी काही जण मला सापडले. तोरणमाळच्या आश्रमशाळेतला एक शिक्षक पठारावरचा वारा आणि शाळेची घंटा पकडून त्यावर ठेका चढवायचा. सुरतेला साड्यांच्या बाजारात नोकरी करणारी नंदुरबारची एक मुलगी यंत्रमागाच्या खडखडाटातून सुंदर काहीतरी काढायची. आम्ही एकमेकांना चाली पाठवायचो, एकमेकांचे तुकडे उचलायचो. कुठल्या मोठ्या अ‍ॅपवर आमच्यापैकी एकाचंही नाव सापडलं नसतं. पण दोंडाईच्याच्या रस्त्यावर, कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॅक्टरांत, धडगावच्या चढावर दम खात चाललेल्या जीपमध्ये आमच्या चाली वाजायच्या. वाजवणाऱ्यांना त्या कुणी केल्या ते माहीत नसायचं. मला ते फार आवडायचं. त्या काळात मी सुखी होतो.

एकदा वहिनी आणि मी पोरीच्या शाळेच्या वह्या घ्यायला शहाद्याला गेलो होतो. स्टँडबाहेर रिक्षात बसलो, तर ड्रायव्हरने टेप लावला आणि खलबत्ता सुरू झाला. वहिनीने माझ्या मनगटाला चिमटा काढला.

"भाऊ, हाई तं मीच शे ना!" ती कुजबुजली.

"गुपचूप बस."

तिने पदर तोंडात कोंबला. खांदे हलत होते. ड्रायव्हरला वाटलं, बाईला बरं नाही. त्याने विचारलं, पाणी पाहिजे का. तिने मान हलवली आणि बाजारपेठेपर्यंत बाहेर बघत हसत राहिली. उतरल्यावर म्हणाली, "आते त्यासले सांगनंच पडी. दिवाळीले सांगसू. पहिले आबास्ले नवीन धोतरजोडी लेसू, मग सांगसू."

दिवाळीच्या आधी तिला ताप आला. पाऊस ओसरला होता, डास वाढले होते, गावात घरटी एकजण आजारी होता. साधा ताप म्हणून तिने दोन दिवस अंगावर काढला आणि भाकरी केल्या. तिसऱ्या दिवशी ती ओट्याजवळ खाली बसली, ती उठेचना. दादाने तिला उचलून गाडीत घातलं. शहाद्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि डेंगी म्हणाले. पेशी भराभर उतरत होत्या. त्यांनी सुरतेला न्यायला सांगितलं. आमच्याकडे मोठं दुखणं म्हणजे सुरतच.

अॅम्ब्युलन्समध्ये तिच्याजवळ दादा होता. मी मागून मित्राच्या गाडीने गेलो. दवाखान्यात तिला काचेच्या पलीकडे ठेवलं होतं. मला एकदा आत जाऊ दिलं. तिचे ओठ कोरडे पडून फाटले होते. तिने डोळे उघडून मला ओळखलं आणि विचारलं, "पोर जेवनी का?"

"जेवनी."

ती आणखी काही म्हणाली. यंत्रांच्या आवाजात मला ते ऐकू आलं नाही. मी वाकलो, तोवर नर्सने मला बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. दादा जिन्यात बसला होता. डॉक्टर त्याच्यापर्यंत चालत आले आणि त्याच्या शेजारी पायरीवर बसले. लांबून ते बसलेले पाहिले तेव्हाच मला कळलं.

प्रकाशाला तापीवर सगळं झालं. पोर आठ वर्षांची होती. बाराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं, मग एकदम रिकामं झालं. माय, म्हणजे माझी आई, गुडघ्यांनी अधू; तिने परत स्वयंपाक हातात घेतला. खलबत्ता तिने फडताळाच्या वरच्या खणात ठेवून दिला आणि मिक्सर वापरायला लागली. 

मी चाली करायचं थांबवलं. लॅपटॉप उघडला की तिच्या आवाजाच्या फाइली समोर यायच्या. पण बाहेर ते थांबलेलं नव्हतं. क्लासला जाताना ऊसतोडीच्या तळावरून ती ऐकू यायची. चहाच्या टपरीवर ऐकू यायची. तोरणमाळच्या शिक्षकाने लिहिलं, "त्या बाईंची नवी चाल कधी?" त्याला मी कळवलं की त्या आता नाहीत.  त्याने उत्तरादाखल नुसती वाऱ्याची एक चाल पाठवली. ती मी कितीतरी दिवस उघडली नाही.

दादाला सांगावं असं रोज वाटायचं. पण ते तिने सांगायचं ठरवून ठेवलेलं होतं, आणि दादा अशा अवस्थेत होता की त्याच्याशी जेवणाखाण्यापलीकडे बोलता येत नव्हतं. तो पहाटे मळ्यात जायचा, दिवे लागल्यावर यायचा. पोरीच्या डोक्यावर हात ठेवायचा, जेवायचा, झोपायचा.

पपईची तोड सुरू झाली. व्यापाऱ्याचा टेम्पो मळ्यात आला. मी त्या दिवशी घरीच होतो, मायने दादाचा डबा देऊन पाठवलं होतं. बांधावर पोचलो तर मजूर कागदात गुंडाळून पपया रचत होते आणि टेम्पोच्या केबिनमधून खलबत्ता वाजत होता. दादा एक क्रेट छातीशी धरून मध्येच उभा होता. तो गुणगुण ऐकत होता. क्रेट जड असते. तरी त्याने ती खाली ठेवली नाही. एका मजुराने येऊन ती त्याच्या हातातून काढून घेतली.

त्याने मला पाहिलं आणि माझ्याकडे चालत आला.

"हाऊ तिना आवाज शे ना?"

मी हो म्हटलं.

"टेम्पोमा कसा उना?"

मी सगळं सांगितलं. खलबत्ता, फोन, पेनड्राइव्ह, तिच्या अटी. रिक्षातलं हसणंही सांगितलं. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "बठ्ठा गावले ठाऊक, नि माले नही?"

"कोनलेच ठाऊक नही दादा. वाजवणाऱ्यालाही नाही. ती तुले दिवाळीले सांगनार व्हती."

"दिवाळी," तो म्हणाला, आणि बांधावर खाली बसला. मग त्याने मान वर केली. "काढी टाक. बठ्ठं काढी टाक. ड्रायव्हर सिगरेट पी ऱ्हायना नि ती वाजी ऱ्हायनी, हाई माले देखावत नही."

रात्रीच मी माझ्या पानावरून ती चाल काढली आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं शहाद्याला मित्राच्या दुकानात गेलो. मित्राला तोवर त्या आवाजामागचं काहीच माहीत नव्हतं. मी सांगितलं तसा तो काउंटरमागून उठला, दादाच्या पाया पडला आणि कॉम्प्युटरसमोर बसला.

"दादा, माझ्याकडचं आत्ता काढतो," तो म्हणाला. "पर जो बाहर गया, वो कैसे लाऊं? मी एकाला दिलं, त्याने दहाला दिलं. कुठल्या अ‍ॅपवर असतं तर एक बटण दाबून सगळीकडून गेलं असतं. हे तर लोकांच्या खिशात आहे."

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. खरंच तसं होतं. तिच्या अटी पाळल्या, म्हणूनच आता ते कुणालाच परत आणता येत नव्हतं.

तेवढ्यात दुकानात एक पावरा आदिवासी बाई आली. पाठीला झोळीत मूल, हातात सीताफळांची टोपली. तोरणमाळच्या बाजूची असावी. तिकडचीच गाडी नुकती स्टँडवर लागली होती. तिने ब्लाउजमधून रुमालात बांधलेलं कार्ड काढून मित्राला दिलं आणि तुटक मराठीत म्हणाली, "त्या बाईचं भर. बोलत नाही ती. नुसती हं हं करते."

मित्राचा हात माउसवर तसाच राहिला. तो दादाकडे बघायला लागला.

"संपलं का?" बाईने विचारलं.

दादाने तिला विचारलं, "ते काबर पाहिजे?"

ती म्हणाली, "आमच्या पाड्यात सगळे लावतात. मराठी गाणं पोरांना समजत नाही, हिंदीही नाही. याच्यात समजायचं काही नाही. हे पोर त्याच्याशिवाय झोपत नाही. पहिलं कार्ड पाण्यात गेलं." मग टोपली खाली ठेवून तिने दादालाच विचारलं, "कुठली आहे ती बाई? तुमच्याकडची?"

 दादा तिच्याकडे वळला.

"हां," तो म्हणाला. "आमच्या घरची."

"चांगली आहे," बाई म्हणाली.

दादाने मित्राला हाताने खूण केली, भर. आणि तो दुकानाबाहेर निघून गेला. मी बाहेर आलो तेव्हा तो स्टँडच्या भिंतीशी उभा होता, पाठमोरा.  पुसून टाकण्याची गोष्ट त्याने परत कधी काढली नाही, आबांच्या कानावरही घातली नाही. पण माझ्याशी बोलायचाही तो थांबला. ताटावर बसलो की मायकरवी मला विचारायचा, पाटाला पाणी कधी येणार आहे.

हे असं होळीपर्यंत चाललं. मग एक दिवस दुपारी तो धाब्यावर माझ्या खोलीत आला. यापूर्वी तो कधी वर आलेला मला आठवत नाही. दाराशी उभा राहून म्हणाला, "पहिलं जे भरेल शे, ते कितलं लांब शे? ठेका नसलेलं."

मी म्हटलं, मूळ रेकॉर्डिंग बरंच लांब आहे. कुटणं, गुणगुणणं, मध्ये माझ्याशी बोलणं, सगळं आहे. त्याने फोन पुढे केला. मी त्यात ते टाकलं. त्याने ते तिथे ऐकलं नाही. मळ्यात पाण्याच्या मोटरची एक खोली आहे, तिथे जाऊन ऐकलं. संध्याकाळी मी तिकडे गेलो, तर तो खाटेवर बसला होता आणि फोन मांडीवर होता.

"शेवटले काय शे, तू आयकेल शे का?" त्याने विचारलं.

मी शेवटपर्यंत कधी ऐकलं नव्हतं. मला लागणारा तुकडा आधीच मिळाला होता. त्याने फोन माझ्या कानाशी धरला. वहिनी म्हणत होती, "भाऊ, आते बंद कर. तुन्हा दादा ई जाई, जेवन वाढनं शे." मग फोन उचलल्याचा खरखराट. आणि त्यात, अगदी संपताना, अंगणात मोटरसायकल येऊन थांबल्याचा आवाज.

"मन्ही गाडी," दादा म्हणाला. "मी उनू व्हतू."

तो रडला नाही. त्याने ते परत लावलं, पण फक्त शेवटचं. वहिनीचं बोलणं, खरखर, गाडी. मी तिथे त्याच्याबरोबर बसलो. पाट वाहत होता. तो किती वेळा ऐकत राहिला ते सांगता येणार नाही. निघताना त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलायला लागला.

पोरीचं मात्र वेगळंच होतं. ती चाल कुठेही लागली की ती कानांवर हात दाबून आत निघून जायची. मी एकदा तिला जवळ घेऊन विचारलं, कुणाचा आवाज आहे माहीत आहे का तुला? ती माझ्याकडे रोखून बघायला लागली.

"माले पहिलेपासून ठाऊक व्हतं," ती म्हणाली. "शाळाना रिक्षामा वाजे. तव्हय ती घरमाच व्हती."

वर्ष उलटल्यावर नातेवाइकांनी दादाच्या मागे लग्नाचा लकडा लावला. मायला उठबस होईना, पोर वाढत होती. दादा नाही म्हणत राहिला, मग गप्प झाला. त्यालाच होकार समजून बोलणी झाली. तळोद्याकडची मुलगी. तिचं आधीचं लग्न मोडलेलं, दोन्ही घरांनी मिळून समजुतीने उरकलं. मंदिरात हार घातले, पंधरा-वीस माणसं जेवली.

नवी वहिनी अबोल होती, कष्टाळू होती. मायचे पाय चेपायची. पोरीला तिने कधी जवळ ओढलं नाही. फक्त तिच्या डब्यात रोज काहीतरी तिच्या आवडीचं घालायची आणि डबा रिकामा परत आला की हळूच हसायची. पोर तिला काकू म्हणायला लागली होती. मला वाटलं होतं, हळूहळू बसेल सगळं.

पावसाळ्याच्या तोंडावर एका रविवारी मी ओसरीत पेपर वाचत होतो. पोर अभ्यासाला बसली होती. आत नवी वहिनी कणीक मळत होती. आणि मळता मळता तिने गुणगुणायला सुरुवात केली. वर चढणारा, तिथे जरासा रेंगाळणारा तोच सूर. माझ्या हातातला पेपर खाली गेला. क्षणभर मला वाटलं, माझंच डोकं फिरलंय. पण पोरीनेही मान वर केली होती.

ती उठली आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली.

"हाई तू कोठे शिकनी?"

नवी वहिनी गोंधळली. "कोठे म्हंजे? मन्हा भाऊना ट्रॅक्टरवर वाजस ना. माहेरी समदास्ले येस." मग पोरीच्या चेहऱ्याकडे बघून तिने हात ताटात तसेच ठेवले. "काबर, काय हुयनं?"

"ते मन्ही मायनं शे," पोर म्हणाली.

नवी वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी दारापर्यंत गेलो होतो. मी हो म्हटलं. तिला तोवर कुणी काही सांगितलेलं नव्हतं. आणि सांगायचं तरी कसं, हे आम्हा कुणालाच सुचलं नव्हतं. ती उठली, तिचे हात कणकेने भरलेले होते. ती पोरीसमोर खाली बसली.

"माले ठाऊक नव्हतं बेटा. लई दिनपासून तोंडमा बसेल शे ते." मग थांबून तिने विचारलं, "मी नको म्हनू का?"

 पोरीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तिला असं रडताना मी अंत्ययात्रेतही पाहिलं नव्हतं.

"नको," ती म्हणाली.

"बरं," नवी वहिनी म्हणाली. "नही म्हनाव मी."

आणि तिने ते पाळलं. तेव्हापासून आमच्या घरात कुणी गुणगुणत नाही. नवी वहिनी काम करताना मध्येच ओठ आवळून घेते, ते मला दिसतं. तिच्याशी त्यावर बोलावं असं मला अनेकदा वाटलं.  पोर आता तिच्याजवळ झोपते. रडून झाल्यावर त्या दोघींमधलं काहीतरी सैल झालं असावं.

मी पुन्हा चाली करायला लागलो आहे, पण त्यात कुणाचा आवाज घालत नाही. तोरणमाळच्या शिक्षकाची वाऱ्याची चाल अखेर उघडली, तिच्यावर मी आणि सुरतेच्या मुलीने मिळून काम केलं. मित्र ती भरून देतो. लोक नेतात. तरी सगळ्यात जास्त मागणी त्या पहिल्या चालीलाच आहे, असं तो सांगतो, आणि सांगताना माझ्याकडे बघत नाही.

या हंगामात पपईच्या तोडीला पुन्हा तोच टेम्पो आला. ड्रायव्हर नवा होता. त्याने मळ्यात गाडी लावली आणि टेपमध्ये पेनड्राइव्ह घातला. पहिल्या ठोक्यालाच मी ओळखलं. बंद करायला सांगावं म्हणून मी केबिनकडे निघालो, तर दादाने मला दंडाला धरून थांबवलं.

"पोर शाळामा शे," तो म्हणाला. "चालू दे."

तो कागद गुंडाळलेल्या पपया रचत राहिला. मीही एक क्रेट उचलली. पोरीची रिक्षा यायची वेळ झाली तसा तो स्वतः टेम्पोकडे गेला, ड्रायव्हरला काहीतरी म्हणाला आणि टेप बंद झाला. मग तिला घ्यायला तो बांधावरून रस्त्याकडे चालत निघाला.